हेअर ट्रान्सप्लांट: एफयूटी, एफयूई की डीएचआय, आणि त्याआधी विचारायचं ते

मी पहिल्यांदा आमच्या नाशिक शहरातल्या एका क्लिनिकमध्ये चौकशीला गेलो, तेव्हा डॉक्टर भेटलेच नाहीत. काउन्सेलर म्हणून बसलेल्या मुलाने मोबाइलच्या टॉर्चमध्ये माझं डोकं पाहिलं आणि म्हणाला, "सर, तीन हजार ग्राफ्ट लागतील. डीएचआय करून टाका, लेटेस्ट आहे. आज बुकिंग केलंत तर वीस टक्के सूट." सात-आठ मिनिटांत मी दहा हजार रुपये भरून बाहेर पडलो. त्या रात्री झोप लागली नाही. डीएचआय म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, आणि ज्याच्या हातात डोकं द्यायचं त्या माणसाचं नावही ठाऊक नव्हतं. ते दहा हजार परत मिळाले नाहीत. शस्त्रक्रिया मी दीड वर्षाने केली, दुसरीकडे, सगळं समजून घेऊन.

त्या दीड वर्षात जे शिकलो ते इथे पायरीपायरीने मांडतोय. बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी तंत्राचं नाव (एफयूटी, एफयूई, डीएचआय; ती पायरी ३ मध्ये उलगडतो), मग पॅकेज, मग तारीख. आपले केस मुळात का गेले, हे विचारायचं राहूनच जातं. म्हणून मी तिथूनच सुरू करतो.

पायरी १: केस का जातायत, ते आधी ठरू द्या

सगळं टक्कल एका जातीचं नसतं. पुरुषांत सर्वांत जास्त दिसतं ते आनुवंशिक. कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकतात, भोवऱ्याजवळ विरळ होतं आणि काही वर्षांनी या दोन्ही मोकळ्या जागा एकमेकींना मिळतात. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं संप्रेरक बनतं. ज्या मुळांना ते सोसत नाही ती केस वाढण्याच्या दर फेऱ्याला बारीक होत जातात. जाड केसाची लव होते, मग लवही दिसेनाशी होते. घर बदललं की आपण बोअरच्या पाण्यावर खापर फोडतो, गाडी घेतली की हेल्मेटवर. जड पाण्याने केस रखरखीत होतात, तुटतात, पण हे टक्कल पाण्याने पडत नाही आणि हेल्मेटनेही नाही.

दुसरी असते ती अचानकची गळती. डेंग्यू, टायफॉईड, बाळंतपण, मोठं ऑपरेशन किंवा उपाशी राहून केलेलं डाएट यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने हातात येतात. माणूस घाबरतो, पण मुळं जिवंत असतात. कारण संपलं की बहुतेक केस काही महिन्यांत परत येतात. इथे ट्रान्सप्लांटचा काहीही संबंध नाही. तिसरी चाई, म्हणजे नाण्याएवढे गुळगुळीत चट्टे. यात शरीराची प्रतिकारशक्तीच मुळांवर उलटलेली असते. चाई चालू असताना केस लावले तर लावलेलेही जाऊ शकतात. आणखी काही आजार मुळं कायमची जाळून तिथे व्रण ठेवतात. डोक्याला सतत खाज, जळजळ, टकलाच्या कडेला लाली असेल तर हा संशय घ्यायला हवा.

हे ओळखणं त्वचारोगतज्ज्ञाचं काम आहे. ते भिंगाच्या यंत्रातून मुळं पाहतात, त्याला ट्रायकोस्कोपी म्हणतात. गरज वाटली तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइडची तपासणी सांगतात. खासगी तपासणी परवडत नसेल तर सिव्हिलची किंवा आडगावच्या मेडिकल कॉलेजची त्वचारोग ओपीडी आहे. केसपेपर काढून रांगेत अर्धा दिवस जाईल. पण एका चुकीच्या शस्त्रक्रियेत काय जातं ते पाहिलं की तो अर्धा दिवस काहीच वाटत नाही.

आनुवंशिक टक्कल असेल तर डॉक्टर बहुधा आधी औषध सुचवतात: डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल आणि पुरुषांसाठी फिनास्टेराइडची गोळी. फिनास्टेराइडने काही थोड्या पुरुषांत कामेच्छा कमी होण्यासारखे त्रास होतात, म्हणून ती डॉक्टरांशी मोकळेपणी बोलूनच घ्यायची, मेडिकलवरून परस्पर नाही. गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रियांनी ती घ्यायची नसते. परिणाम दिसायला सहा महिने ते वर्ष लागतं. "औषधच घ्यायचं असेल तर ट्रान्सप्लांट कशाला?" असं मला वाटायचं. उत्तर असं की ट्रान्सप्लांट गेलेल्या जागी केस आणतं, उरलेले जायचे थांबवत नाही. औषध न घेता पंचविशीत फक्त कपाळावर केस लावले, तर पस्तिशीत पुढे लावलेल्या केसांची झालर आणि तिच्या मागे मोकळं मैदान असं डोकं होतं.

पायरी २: मागची शिल्लक मोजा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. तंत्राची निवड इथूनच ठरते.

आपल्या जिल्ह्यातल्या द्राक्षवाल्यांना ही गोष्ट एका वाक्यात कळते. डॉगरीज जातीच्या वेलाच्या खुंटावर थॉमसन जातीचं कलम बांधलं की घड थॉमसनचेच लागतात. खुंट कुठल्याही जातीचा असो, डोळा आपला गुण सोडत नाही. केसांचंही तसंच आहे. डोक्याच्या मागे, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतच्या पट्टीतली मुळं डीएचटीला दाद देत नाहीत. ती उचलून कपाळावर लावली तरी मागचाच गुण धरून वाढतात. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५९ मध्ये हे मांडलं आणि आजची प्रत्येक पद्धत, नाव काहीही असो, याच पायावर उभी आहे.

पण कलमाची काडी बाजारात पुन्हा मिळते, मागची पट्टी मिळत नाही. तिथून काढलेलं मूळ तिथे पुन्हा उगवत नाही. म्हणजे आपण केस वाढवत नसतो, एका जागचे दुसऱ्या जागी नेत असतो. ही एकच मुदत ठेव आहे, एकदा मोडली की मोडली.

आता हिशेब. केस एकेकटे उगवत नाहीत. एका छिद्रातून एक, दोन, तीन, क्वचित चार केसांचा गुच्छ येतो. हा गुच्छ म्हणजे एक ग्राफ्ट. तीन हजार ग्राफ्ट म्हणजे तीन हजार केस नव्हेत, साधारण सहा हजार किंवा थोडे जास्त. मागच्या पट्टीत एका चौरस सेंटिमीटरला साधारण ७० ते ८० गुच्छ असतात. सगळे काढता येत नाहीत, नाहीतर मागेच टक्कल दिसेल. म्हणून एका माणसाच्या पट्टीतून आयुष्यभरात साधारण ४,००० ते ६,००० ग्राफ्ट सुरक्षितपणे निघतात. कोणाची पट्टी दाट असते तर जास्त, विरळ असते तर बरेच कमी.

खर्चाची बाजू पाहा. टकलाच्या पायऱ्या डॉक्टर नॉरवूडच्या १ ते ७ श्रेणीत मोजतात. सहाव्या पायरीवर कपाळापासून भोवऱ्यापर्यंत जवळजवळ २०० चौरस सेंटिमीटर जागा मोकळी असू शकते. दर चौरस सेंटिमीटरला ४० ग्राफ्ट लावायचे म्हटले तर ८,००० लागतात. ठेव आहे फार तर ६,००० ची. हा हिशेब कुठलंही तंत्र बदलू शकत नाही. म्हणून चांगला डॉक्टर अशा माणसाला स्पष्ट सांगतो की पुढचा भाग भरू, कारण आरशात आणि लोकांना तोच दिसतो. भोवऱ्यावर पातळ लावू किंवा ती जागा सोडून देऊ. ज्या जाहिरातीत "अनलिमिटेड ग्राफ्ट" लिहिलेलं असतं, तिथे हा हिशेब केलेलाच नाही असं समजा.

तुमची पट्टी किती, हे मोजायला डॉक्टरने मागचे केस वर धरून भिंगातून पाहिलं पाहिजे. माझ्या दुसऱ्या डॉक्टरांनी वीस मिनिटं तेवढंच केलं. मग वडिलांचं आणि मामांचं डोकं कसं आहे ते विचारलं, कारण माझं टक्कल कुठवर जाणार याचा अंदाज घ्यायचा होता. मागची मुळंही बारीक होत चालली असतील, तर तिथून लावलेले केस टिकण्याची खात्री राहत नाही. अशा माणसाला "तुमच्यासाठी ट्रान्सप्लांट नाही" असं सांगणारा डॉक्टर भेटला तर त्याचे आभार माना.

कपाळाची रेषाही याच हिशेबात येते. भुवयांच्या मधून वर साधारण चार बोटं, म्हणजे सात-आठ सेंटिमीटर, ही प्रौढ पुरुषाला शोभणारी जागा. बाविशीतल्या मुलाला शाळेतल्या फोटोसारखी खालची, सरळ रेषा हवी असते. ती लावून दिली तर हजारभर ग्राफ्ट तिथेच खर्च होतात आणि पन्नाशीत ती रेषा चेहऱ्यावर विचित्र दिसते.

पायरी ३: आता तंत्रं

जुन्या काळी चार मिलिमीटरचे जाड ठोकळे लावायचे. बाहुलीच्या डोक्यासारखे झुबके दिसत. नव्वदच्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली एकेक गुच्छ वेगळा करण्याची पद्धत रुळली आणि निकाल नैसर्गिक दिसू लागले. आज बाजारात दहा नावं ऐकू येतात, पण मुळं काढायच्या पद्धती दोनच आहेत: एफयूटी आणि एफयूई. बाकीची नावं बहुतेक लावण्याच्या पद्धतीची, अवजाराची किंवा जाहिरातीची.

एफयूटी म्हणजे पट्टीची पद्धत. मागच्या भागातून एक-दीड सेंटिमीटर रुंद, हवी तेवढी लांब त्वचेची पट्टी कापून घेतात, जखम टाक्यांनी बंद करतात, आणि टेबलावर बसलेली टीम सूक्ष्मदर्शकाखाली त्या पट्टीचे ग्राफ्ट करते. डोळ्यांसमोर कापायचं असल्याने मुळं तुटण्याचं प्रमाण कमी राहतं, मुळाभोवतीची चरबी शाबूत राहते, एका बैठकीत जास्त ग्राफ्ट मिळतात, मागचं डोकं भादरावं लागत नाही, आणि सहसा खर्चही कमी येतो. सगळ्यात भरवशाच्या भागातूनच केस निघतात, हाही मोठा फायदा. तोटा म्हणजे मागे आडवी रेघ राहते. टाके दहा-चौदा दिवसांनी काढतात, काही आठवडे मान वाकवताना ताण जाणवतो, महिनाभर जड ओझं उचलायचं नसतं. केस दीड-दोन सेंटिमीटर ठेवणाऱ्याची रेघ झाकली जाते. बारीक कट मारणाऱ्याची दिसते. आणि आपल्याकडे एक प्रसंग कोणालाच चुकत नाही. कधीतरी रामकुंडावर दशक्रियेला बसायचं असतं, मुंडण करायचं असतं. तेव्हा ती रेघ सगळ्यांना दिसणार. काहींना त्याचं काही वाटत नाही, काहींना फार वाटतं. आधीच ठरवा.

एफयूटी जुनी म्हणून वाईट, असं आज बहुतेक ठिकाणी सांगतात. मला ते पटत नाही. खूप टक्कल आहे, केस लांब ठेवायचे आहेत, जास्तीत जास्त ग्राफ्ट हवेत, अशा माणसासाठी ती अजूनही चांगली पद्धत आहे. अनेक दवाखाने ती करत नाहीत, कारण ती करायला शस्त्रक्रियेचं खरं शिक्षण आणि सूक्ष्मदर्शकावर बसणारी सरावाची टीम लागते.

एफयूईमध्ये पट्टी कापत नाहीत. मागचे केस एक-दोन मिलिमीटरपर्यंत बारीक करून ०.८ ते १ मिलिमीटरच्या गोल पंचाने, म्हणजे पोकळ पात्याच्या अवजाराने, प्रत्येक गुच्छाभोवती छेद घेतात आणि चिमट्याने तो अलगद काढतात. टाके नाहीत, आडवी रेघ नाही, दुखणं कमी, काही दिवसांत मागचा भाग बरा होतो. म्हणूनच ती लोकप्रिय आहे, आणि मीही हीच केली. पण "व्रण राहत नाही" हे खरं नाही. प्रत्येक छेदाच्या जागी पांढरट ठिपका राहतो. केस असताना दिसत नाही, तुळतुळीत भादरलं की दिसतो.

एफयूईचा खरा धोका पंच धरणाऱ्या हातात आहे. मूळ त्वचेखाली तिरकं असतं. बाहेरून केसाचा कोन दिसतो, आतला कोन अनुभवाने कळतो. अंदाज चुकला की मूळ मधोमध कापलं जातं आणि ती ठेव वाया जाते. दुसरा धोका लोभाचा. आकडा गाठायला पट्टीच्या वर-खाली, मानेजवळ, कानावर हात मारला जातो. तिथले केस पुढे कधीतरी गळू शकतात, मग लावलेलेही जातात. एकाच जागेतून फार काढलं तर मागचं डोकं कसर लागलेल्या लोकरीसारखं दिसतं, आणि ते भरून काढायला काही शिल्लक उरत नाही.

डीएचआय हे मूळ काढण्याचं वेगळं तंत्र नाही. काढणं एफयूईसारखंच, फरक लावण्यात. साध्या पद्धतीत डॉक्टर आधी बारीक चिरा पाडतात आणि मग चिमट्याने त्यात ग्राफ्ट बसवतात. डीएचआयमध्ये पोकळ सुईच्या पेनात ग्राफ्ट भरतात. भोक पाडणं आणि लावणं एकाच दाबात होतं. हे पेन १९९० च्या दशकात दक्षिण कोरियातून आलं. जिथे आधीचे केस आहेत आणि त्यांच्या मधोमध भर घालायची आहे, तिथे त्याचा उपयोग होतो. पुढचा भाग न भादरता करता येतं, म्हणून स्त्रियांनाही सोयीचं. वेळ जास्त लागतो, दरही. पण संपूर्ण मोकळ्या कपाळावर केवळ नावासाठी जास्त पैसे मोजायचं कारण मला दिसत नाही. चांगल्या हातात दोन्हींचे निकाल सारखेच चांगले येतात.

सॅफायर म्हणजे चिरा पाडायचं पातं स्टीलऐवजी नीलमण्याचं. पातं धारदार राहतं, एवढंच. मुळं काढण्याशी त्याचा संबंध नाही. बायो-एफयूई किंवा तत्सम नावांत बहुतेक वेळा पीआरपी, म्हणजे आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन जोडलेलं असतं. रोबोटही आहे, अमेरिकेत २०११ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. तो मुळं काढायला मदत करतो, पण रेषा कुठे आखायची आणि किती काढून थांबायचं हे माणसालाच ठरवावं लागतं. पट्टी अपुरी असेल तर दाढीचे केस काढून मधल्या भागात भर घालतात. ते जाड असतात, कपाळाच्या रेषेवर लावले तर उठून दिसतात.

पायरी ४: तुमच्या डोक्याला काय बसतं?

देवळालीच्या तोफखान्यातला जवान असो की पोलीस अकादमीतला प्रशिक्षणार्थी, ज्याला मागचे केस कायम बारीकच ठेवायचे आहेत त्याने एफयूईकडे जावं. पंचेचाळिशीतला माणूस, टक्कल पाचव्या-सहाव्या पायरीवर, केस मध्यम ठेवणारा: त्याने एफयूटीबद्दल नक्की विचारावं. आधी एफयूटी, काही वर्षांनी उरलेल्या भागातून एफयूई, असा क्रम लावला तर आयुष्यभरात मिळणारे एकूण ग्राफ्ट वाढतात. ज्याचं फक्त विरळ झालंय, पण बरेच केस जागेवर आहेत, त्याने आधी वर्षभर औषध घ्यावं आणि मग डीएचआयचा विचार करावा. दाट केसांत घाईने चिरा पाडल्या तर असलेल्या केसांनाही धक्का बसतो.

तेवीस-चोविशीच्या मुलांनो, थांबा. टक्कल कुठवर जाणार हे अजून कोणालाच सांगता येत नाही, डॉक्टरांनाही नाही. औषध सुरू करा, दर सहा महिन्यांनी एकाच जागी, एकाच उजेडात फोटो काढा. लग्न ठरतंय म्हणून घाई करणारे आईवडील मी पाहिले आहेत. त्यांना एवढंच सांगतो, पूर्ण निकालाला वर्ष लागतं. लग्नाच्या दोन महिने आधी केलेल्या शस्त्रक्रियेने नवरदेव मांडवात आधीपेक्षा विरळ दिसेल.

स्त्रियांत केस बहुधा सगळीकडून विरळ होतात, मागची पट्टीही त्यातून सुटत नाही. थायरॉइड, रक्तातलं लोह, पीसीओडी तपासल्याशिवाय ताईंनी कोणत्याही क्लिनिकची पावती फाडू नये. आणि ज्यांच्या अंगावर साध्या जखमेचीही जाड, फुगीर वळ होऊन बसते, म्हणजे केलॉइड होतं, त्यांनी हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावं.

पायरी ५: पंच कोणाच्या हातात असेल?

दिल्लीत २०२१ मध्ये हेअर ट्रान्सप्लांटनंतर संसर्ग होऊन एका तरुणाचा जीव गेला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत पोचलं. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने मार्गदर्शक सूचना काढल्या. शस्त्रक्रियेचं रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरानेच हे काम करावं, कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूबवर पाहून मिळालेलं ज्ञान पुरेसं धरू नये, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. प्लास्टिक सर्जन किंवा त्वचारोगतज्ज्ञ ही त्यातली मुख्य पदवी. ग्राफ्ट वेगळे करायला, लावायला सहायक असतात आणि असायलाच हवेत, एकट्याने अडीच हजार ग्राफ्ट होत नाहीत. पण डॉक्टर खोलीत हवा आणि जबाबदारी त्याची हवी.

म्हणून डॉक्टरांचं पूर्ण नाव आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा, कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासा. नुसतं "डॉ." पाहून थांबू नका, पदवी वाचा. मग समोर बसून विचारा: रेषा कोण आखणार? भूल कोण देणार? पंच कोण चालवणार, चिरा कोण पाडणार? त्या दिवशी तुमच्याकडे आणखी किती पेशंट आहेत? भूल दिल्यावर रिअॅक्शन आली तर ऑक्सिजन, औषधं आहेत का, जवळचं आयसीयू कुठलं? मी हे शेवटचं विचारलं तेव्हा डॉक्टरांनी उठून कपाट उघडून दाखवलं. त्या क्षणी माझं ठरलं.

जुन्या पेशंटचे फोटो पाहताना ओले आणि विंचरलेले केस, दोन्ही मागा. आधीचा आणि नंतरचा उजेड सारखा आहे का ते पाहा. शक्य असेल तर वर्ष उलटून गेलेल्या पेशंटशी प्रत्यक्ष बोला.

मुंबई-पुण्याला जायचं का? डॉक्टर चांगला असेल तर जरूर जा. पण पहिली धुलाई दोन-तीन दिवसांनी दवाखान्यातच होते, एफयूटी असेल तर टाके काढायला पुन्हा जायचं. ताज्या ग्राफ्टने कसारा घाटातून बसची मागची सीट सोसायची नसते, म्हणून दोन-तीन रात्री तिथेच मुक्काम धरा. तेवढ्याच शिक्षणाचा आणि अनुभवाचा डॉक्टर गंगापूर रोडला मिळत असेल, तर सुजलेला डोळा दाखवायला अर्ध्या तासात पोचता येण्याची किंमत कमी नाही. केस लावायला इस्तंबूलला नेणाऱ्या पॅकेजमध्ये हीच गोष्ट सगळ्यात अवघड होते.

पायरी ६: पैसे

दर बहुधा ग्राफ्टमागे असतो. समजा ४० रुपये सांगितले आणि २,५०० ग्राफ्ट, तर एक लाख. त्यावर १८ टक्के जीएसटी, कारण सौंदर्यासाठीचं केशरोपण करमुक्त आरोग्यसेवेत बसत नाही. भाजलं किंवा अपघात झाला म्हणून केलं तर वेगळं. आरोग्य विमा यासाठी पैसे देत नाही. औषधं, पीआरपी, तपासण्या दरात आहेत की वेगळ्या, ते लिहून घ्या. शेवटी एक, दोन, तीन केसांचे किती ग्राफ्ट लागले याचा तक्ता मिळेल का, हेही आधीच ठरवा. दर कमी करून आकडा फुगवणं फार सोपं असतं, एक गुच्छ फोडून त्याचे दोन ग्राफ्ट केले की झालं. पक्की पावती घ्या. आणि पहिल्याच भेटीत, सूट कितीही असो, पैसे भरू नका.

पायरी ७: तो दिवस आणि पुढचं वर्ष

आधी रक्त तपासणी होते: हिमोग्लोबिन, साखर, रक्त गोठण्याची वेळ, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर सगळ्यांची नावं सांगा. कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. सिगारेट, तंबाखू, दारू डॉक्टर सांगतील तितके दिवस आधी थांबवा. धूम्रपानाने त्वचेचा रक्तपुरवठा घटतो आणि लावलेलं मूळ त्याच रक्तावर जगायचं असतं.

त्या दिवशी पुढून बटणं असलेला शर्ट घाला. भुलेची इंजेक्शनं दुखतात, त्यानंतर फारसं नाही. सहा ते दहा तास जातात, तुम्ही जागेच असता, मध्ये जेवता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सूज कपाळावरून डोळ्यांवर उतरते, ती आपोआप जाते. पहिले दहा दिवस ग्राफ्ट पक्के बसायचे असतात, तोवर खाजवायचं नाही, डोकं उंच ठेवून झोपायचं, दिलेलं सलाइन फवारायचं. खपल्या दहा-चौदा दिवसांत हलक्या धुण्याने पडतात. ताप आला, पू दिसला, दुखणं वाढत गेलं तर फोनवर भागवू नका, दवाखाना गाठा.

सातपूर-अंबडला कंपनीत जाणाऱ्यांसाठी: हेल्मेट किती दिवसांनी, हे डॉक्टरांना विचारूनच रजा टाका. तोवर दुचाकी बंद, विनाहेल्मेट जाणं हा पर्याय नाही. द्राक्षवाल्यांनी छाटणीच्या किंवा काढणीच्या तोंडावर तारीख घेऊ नये. ऊन, घाम आणि फवारणीचं औषध तिन्ही ताज्या जखमेला वाईट. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उडी मारायची असेल किंवा सिंहस्थात गोदेत डुबकी घ्यायची असेल, तर शस्त्रक्रिया निदान महिनाभर आधी झालेली असावी.

मग जे होतं त्याची तयारी मनाने करून ठेवा. दोन ते सहा आठवड्यांत लावलेले केस गळतात. जवळजवळ सगळे. मूळ आत राहतं, केस पडतो. मी त्या महिन्यात रोज आरशासमोर उभा राहून हबकायचो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक, कुरळे केस फुटतात, मध्ये पुटकुळ्या येतात. सहाव्या महिन्यात निम्मं दिसतं, बाराव्यात बहुतेक सगळं, भोवऱ्याला दीड वर्षही लागतं. औषध चालूच ठेवायचं.

माझ्या शस्त्रक्रियेला दहा महिने झाले होते आणि वडील गेले. दशक्रियेला बसायचं होतं, आणि त्या अवस्थेतही मनात आलं की वस्तरा फिरला तर हे सगळं जाईल का. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, मुळं कधीच पक्की झालीत, खुशाल मुंडण करा, फक्त नाभिकदादांना वस्तरा हलक्या हाताने फिरवायला सांगा आणि ब्लेड नवीन घ्यायला लावा. रामकुंडावर तसंच केलं. मागचे पांढरे ठिपके चुलतभावाला दिसले, त्याने विचारलं, मी सांगितलं. तीन महिन्यांनी केस होते तसे परत आले, पुढचेही.